फ्रीजर भंगारात निघाला, त्यातले जिवाणूही गेले : सोलापूरहून एक खुले पत्र

प्रति,
राज्याच्या उच्च शिक्षण, वैद्यकीय शिक्षण आणि आरोग्य खात्यांत धोरण ठरवणारे मान्यवर,
तसेच सोलापूर जिल्ह्यातील सर्व लोकप्रतिनिधी आणि महाविद्यालयांच्या व्यवस्थापनातील सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाने गेल्या मार्चअखेरीला सूक्ष्मजीवशास्त्र विभागातला जुना डीप फ्रीजर निर्लेखित केला. फ्रीजर डेड स्टॉक रजिस्टरवर होता. त्याला नोंद क्रमांक होता, खरेदीची तारीख होती, किंमत होती. त्यामुळे तो काढताना समिती बसली, सह्या झाल्या, भंगारवाल्यांकडून दरपत्रके मागवली गेली. आत जे होते ते मात्र कुठल्याच रजिस्टरवर नव्हते. मोहोळ, सांगोला, करमाळा, बार्शी, मंगळवेढा इथल्या मातीतून विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांनी वेगळे काढलेले जिवाणू ग्लिसरॉल या घट्टसर द्रवात गोठवून ठेवले होते. शेजारच्या लाकडी कपाटात काचेच्या नळ्या होत्या, निर्जंतुक केलेल्या कोरड्या मातीत बीजाणू, म्हणजे जिवाणूंची तग धरणारी बीजे, राखून ठेवलेल्या. जागा मोकळी करायची म्हटल्यावर प्रयोगशाळा परिचराने त्या सगळ्या नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने सगळे जंतू मारणाऱ्या यंत्रात, घातल्या, १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवल्या, लेबले खरवडली आणि नळ्या धुऊन रॅकला लावल्या. त्याला सांगितलेले काम त्याने चोख केले.

यात कुणी नियम मोडला नाही, कारण मोडायला नियमच नाही. लोखंडी फ्रीजर टाकायला तीन सह्या लागतात आणि त्यातला जिवंत संग्रह नष्ट करायला एकही लागत नाही, ही आपल्याकडची व्यवस्था आहे. म्हणून हे पत्र मी त्या महाविद्यालयाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. आणि उघड लिहिते आहे, कारण गेले ते माझे किंवा त्या विभागाचे नव्हते. ती या जिल्ह्याची मालमत्ता होती.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत आले. आता निवृत्त आहे. त्या कपाटातल्या बऱ्याच नळ्यांवरची अक्षरे माझ्या विद्यार्थ्यांची होती. सांगोल्याच्या एका मुलीने वडिलांच्या बागेतल्या डाळिंबाच्या मुळाशी असलेली माती आणली होती. करमाळ्याकडच्या मुलाने उन्हाळ्यात उजनीचे पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळातली. कुणी नान्नजच्या बाजूच्या आपल्या माळरानातली, कुणी उसाला पाणी देऊन देऊन चोपण झालेल्या रानातली. मुले माती आणायची ती बहुतेक आपल्याच गावची असायची, आणि नळीवर गावाचे नाव लिहिताना त्यांना बरे वाटायचे.

ज्यांनी हा विषय घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. वळवाच्या पहिल्या सरीनंतर जो मातीचा वास येतो, त्यात मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो. तो पदार्थ मातीतले स्ट्रेप्टोमायसिस गटाचे जिवाणू तयार करतात. हेच जिवाणू इतर जिवाणूंना रोखणारी रसायनेही तयार करतात, आणि आपण आज वापरतो त्यातली बरीच प्रतिजैविके त्यांच्याकडून किंवा त्यांच्या भाऊबंदांकडून घेतलेली आहेत. १९४३ साली अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या २३ वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याने स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. क्षयरोगावरचे ते पहिले खरे परिणामकारक औषध. माझ्या आजोळी क्षयाने माणसे गेली, आणि त्याच घरातली पुढच्या पिढीतली माणसे स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांवर जगली. एरिथ्रोमायसिन फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या मातीतून आले, व्हँकोमायसिन बोर्निओच्या जंगलातल्या मातीतून. क्षयाच्या आजच्या उपचाराचा कणा असलेले रिफॅम्पिसिन ज्या रिफामायसिनपासून बनवले, तो जिवाणू १९५७ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाइनच्या झाडीतल्या मातीत मिळाला. डॅप्टोमायसिनचा जिवाणू तुर्कस्तानातल्या अरारात पर्वतावरचा. मातीचा नमुना कुणीतरी उचलला, लेबल लावले आणि जपून ठेवला, एवढ्यापासून या सगळ्या गोष्टी सुरू झाल्या.

आपल्या राज्यातही हे झाले आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. तिथल्या संशोधकांनी पेनिसिलिन बनवण्यावर न थांबता आसपासची माती तपासायला घेतली. डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका जिवाणूपासून हमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधले, साठच्या दशकाच्या सुरुवातीला. जिवाणूचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. आपल्या एका गावाचे नाव जगाच्या शास्त्रीय नोंदींत गेले. मी हे वर्गात सांगितले की मुले मागच्या बाकावरून पुढे येऊन बसायची.

आता मुले नेमके काय करतात ते सांगते, म्हणजे गेले काय हे तुमच्या लक्षात येईल. माती काही दिवस वाळवायची, म्हणजे नाजूक जिवाणू मरतात आणि चिवट बीजाणू राहतात. मग ती पाण्यात पातळ करत न्यायची आणि स्टार्च केसीन अगार या जेलीसारख्या खाद्याच्या प्लेटवर पसरायची. साधे जिवाणू दुसऱ्या दिवशी दिसतात. आपल्याला हवे असलेले आठवडा, कधी दोन आठवडे घेतात. ती वसाहत वेगळीच दिसते. खडूची भुकटी टाकल्यासारखी पांढरी, राखाडी, कधी फिकट गुलाबी, आणि अगारमध्ये इतकी घट्ट रुतलेली की लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, सहज निघत नाही. झाकण उचलले की पावसाचा वास येतो. ती दुसऱ्या प्लेटवर वाढवायची आणि भोवती स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जिवाणूचा गालिचा पसरायचा. सकाळी इनक्युबेटर उघडल्यावर सगळी प्लेट गढूळ आणि त्या एका वसाहतीभोवती स्वच्छ, काचेसारखे कडे दिसले, तर त्या मुलाने किंवा मुलीने मातीतल्या जिवाणूला आपल्या डोळ्यांसमोर औषध बनवताना पाहिलेले असते.

असे कडे दिसले म्हणजे औषध सापडले, असे मी कधी मुलांना सांगितले नाही, तुम्हालाही सांगणार नाही. बहुतेक वेळा तो पदार्थ आधीच माहीत असलेला निघतो. नवा निघाला तरी माणसाच्या पेशींना विषारी असू शकतो, रक्तात टिकत नाही, पुरेसा तयार होत नाही. पण या शोधाची पहिली पायरी ही आहे, आणि ती चढायला फार पैसा लागत नाही. पायरीच काढून टाकली तर पुढचा जिना कुणी बांधायचा?

माझे या विषयाशी नाते नुसते नोकरीचे नाही. माझा थोरला भाऊ यंत्रमागावर काम करायचा. टॉवेलचे कारखाने, रात्रपाळी, उभ्याने काम. त्याला मधुमेह. पायाला जखम झाली, ती भरेना. गोळ्या झाल्या, इंजेक्शने झाली, शेवटी पू तपासायला पाठवला. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना जो रिपोर्ट वाचायला शिकवला, तो दादाचा रिपोर्ट माझ्या हातात आला. डाव्या बाजूला औषधांची नावे, उजवीकडे प्रत्येकासमोर एक अक्षर. एस म्हणजे औषध लागू पडते, आर म्हणजे जिवाणू त्याला दाद देत नाही. वर जिवाणूचे नाव लिहिले होते, क्लेबसिएला न्यूमोनिये. खाली सिप्रोफ्लॉक्सॅसिन आर. सेफ्ट्रायॅक्झोन आर. अमिकासिन आर. मेरोपेनेम आर. असे खालीपर्यंत. शेवटी कोलिस्टिन तेवढे उरले होते. कोलिस्टिन हेही मातीतल्याच एका जिवाणूपासून १९४०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मिळालेले औषध. मूत्रपिंडाला इजा करते म्हणून डॉक्टरांनी ते मागे ठेवले होते. दुसरे काही चालेना म्हणून ते आता परत बाहेर काढावे लागते. मधुमेहाने आधीच थकलेल्या मूत्रपिंडांच्या माणसाला तेच द्यायचे. दादा वाचला. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मागावर तो परत उभा राहिला नाही.

दादासारखी माणसे किती, याचा अंदाज जगभरच्या अभ्यासातून आला आहे. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२.७ लाख माणसे मेली, आणि ज्या मृत्यूंत अशा जिवाणूंचा काही ना काही हात होता त्यांची संख्या ४९.५ लाख होती. लॅन्सेटमध्ये छापून आलेले आकडे आहेत. मोठ्या औषध कंपन्या या क्षेत्रातून एकेक करून बाहेर पडल्या, कारण प्रतिजैविक आठ-दहा दिवसच घ्यायचे असते, आणि नवे असेल तर डॉक्टरने ते जपून, शेवटी वापरायचे असते. त्यात नफा नाही. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या प्रतिजैविकाला २०१८ साली मान्यता मिळाली आणि २०१९ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. हे काम बाजारावर सोडता येत नाही, ते सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवे, याला यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

आणि शोध थांबलेला नाही, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवे. पन्नास-साठच्या दशकांनंतर त्याच त्या पदार्थांचा पुन्हा पुन्हा शोध लागू लागला आणि लोक कंटाळले. कारण साधे होते. मातीतल्या शंभर जिवाणूंपैकी एखादाच आपल्या प्लेटवर वाढतो. उरलेल्यांना आपले अन्न, आपली हवा मानवत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या किम लुईस आणि स्लाव्हा एप्स्टाइन यांनी यावर तोड काढली. बारीक छिद्रांची एक छोटी पट्टी घ्यायची, माती इतकी पातळ करायची की एका छिद्रात साधारण एक जिवाणू येईल, दोन्ही बाजूंनी पातळ पडदा लावायचा आणि पट्टी परत मातीतच पुरायची. जिवाणूला वाटते आपण घरीच आहोत, आणि तो वाढतो. शंभरातला एक वाढायचा तिथे निम्म्याच्या आसपास वाढू लागले. सुमारे १०,००० जिवाणू तपासल्यावर त्यांतून टेक्सोबॅक्टिन हे नवे प्रतिजैविक मिळाले, २०१५ साली ते जाहीर झाले. ते अजून औषधाच्या दुकानात आलेले नाही, आणि क्लेबसिएलासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे बाहेरून जास्तीचे आवरण असलेल्या, जिवाणूंवर ते चालत नाही. पण २०२५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गेरी राइट यांच्या गटाने लॅरिओसिडिन जाहीर केले. ते ग्रॅम-निगेटिव्हांवरही चालते, उंदरांवरच्या प्रयोगात दिसले आहे. त्याचा जिवाणू हॅमिल्टन शहरातल्या एका घराच्या परसातल्या मातीतला. त्यांनी वेगळे काय केले, तर प्लेटा फेकल्या नाहीत. सावकाश वाढणाऱ्यांना संधी मिळावी म्हणून सुमारे वर्षभर वाढू दिले.

वर्षभर. आपल्याकडे विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला एक सत्र मिळते.

जुन्या नळ्यांचे मोलही यातच आहे. २००२ साली स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जिवाणूचा पूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला, तेव्हा त्यात वीसहून अधिक वेगवेगळे पदार्थ बनवण्याच्या जनुकांचे संच दिसले. प्रयोगशाळेत इतकी वर्षे वाढवून त्यातले मोजकेच माहीत झाले होते. म्हणजे पूर्वी ज्या नळीला आम्ही "क्रिया नाही" असे लिहून मागच्या रांगेत ठेवले, तिच्यातही झोपलेली जनुके असणारच. आज ती वाचता येतात, वाचण्याचा खर्चही पूर्वीच्या मानाने फार उतरला आहे. नळी मात्र हवी. ज्या माळरानातून माती आणली तिथे आज प्लॉट पडले आहेत, एका ठिकाणी तर महामार्गाचा भराव आहे. परत जाऊन आणू म्हटले तर जागाच राहिलेली नाही.

सोलापुरातच का, असे मला एका बैठकीत विचारले गेले होते. उत्तर जमिनीत आहे. आपली जमीन कोरडी, तापणारी, बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी. स्ट्रेप्टोमायसिसच्या कुळाला अशीच जमीन मानवते, कारण ओल गेली की इतर मागे हटतात आणि यांचे बीजाणू तग धरतात. मंगळवेढ्याची काळी, माळावरची मुरमाड, चोपण, खारवट, उजनीचा गाळ, एका जिल्ह्यात इतके प्रकार. आणि धीर धरण्याची परंपराही आहे. सगळा महाराष्ट्र जी मालदांडी ज्वारी खातो, तिची ३५-१ ही जात आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडून काढलेली. कणसे बघत, बियाणे राखत, वर्षानुवर्षे. त्या बियाण्यासाठी जी काळजी घेतली गेली, तीच काळजी मी जिवाणूंसाठी मागते आहे.

आता तक्रारी सरळ मांडते.

संग्रहाला कागदावर अस्तित्वच नाही, हे सांगितलेच. त्याहून जास्त मला पैशाच्या पद्धतीबद्दल बोलायचे आहे. अनुदान येते ते यंत्र घ्यायला. फीत कापली जाते, फोटो येतो. तेच यंत्र चालवायला वीज लागते, दुरुस्तीचा वार्षिक करार लागतो, वीज गेल्यावर जनरेटर लागतो, त्याला कुठल्याच शीर्षाखाली पैसे नसतात. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी काही तास वीज गेली तर फ्रीजरमध्ये काय होते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. कितीतरी विभागांत शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. तासाचे पैसे मिळतात, नऊ महिने मिळतात, पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे त्यांना माहीत नसते. अशा शिक्षकाने वर्षभर वाढणाऱ्या जिवाणूची राखण कशी करायची? नळ्या दर काही महिन्यांनी ताज्या कराव्या लागतात, नावे जुळवावी लागतात, वही ठेवावी लागते. हे काम कुणाच्याच कार्यभारात मोजले जात नाही. पदव्युत्तर प्रकल्पाचा अहवाल स्पायरल बाइंडिंग करून जमा होतो, परीक्षक सही करतात, आणि जिवाणू फ्रिजच्या कोपऱ्यात सुकून मरतो. दर वर्षी, राज्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत.

दुसरे, रुग्णालय आणि महाविद्यालय यांची गाठच पडत नाही. आमची मुले आपला जिवाणू तपासतात तो पुस्तकी, सौम्य स्टॅफिलोकोकसवर. दादाच्या पायात होता तसल्या जिवाणूवर तो चालतो का, हा खरा प्रश्न, आणि तो विचारायची सोयच नाही. असे जिवाणू साध्या महाविद्यालयात हाताळू नयेत, हे मलाही मान्य आहे. सुरक्षित प्रयोगशाळा असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात आमच्या जिवाणूपासून काढलेला अर्क पाठवून तपासून घेता यावा, इतकेच म्हणणे आहे. आपल्या जिल्ह्यात कुठले जिवाणू कुठल्या औषधांना दाद देत नाहीत, याचा एकत्रित तक्ता निदान डॉक्टरांच्या टेबलावर दर वर्षी यायला हवा. केरळने २०१८ साली अशा जिवाणूंविरुद्ध राज्याचा स्वतःचा कृती आराखडा केला. देशाच्या २०१७च्या कृती आराखड्यातही नव्या औषधांच्या संशोधनाला जागा होती. तालुक्याच्या गावातल्या प्रयोगशाळेपर्यंत त्यातले काय पोहोचले?

तिसरी गोष्ट लिहिताना मला शेतकऱ्यांना दोष द्यायचा नाही. डाळिंबावर तेल्या हा जिवाणूंचा रोग आला की बाग डोळ्यांदेखत जाते, कर्ज तसेच राहते. अशा वेळी दुकानदार जे देतो ते माणूस फवारतो. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांच्या मिश्रणाची पुडी वर्षानुवर्षे होती. ही दोन्ही माणसाची औषधे, दोन्ही मातीतल्या जिवाणूंनी दिलेली, आणि आपण ती पुन्हा मातीवरच शिंपडून बाकीच्या जिवाणूंना त्यांची सवय लावत आलो. तेल्याच्या जिवाणूला रोखणारे दुसरे जिवाणू त्याच बागेच्या मातीत शोधता येतील, आमच्या मुलांनी तसे शोधायला सुरुवातही केली होती. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या केगावला आहे, विद्यापीठही केगावला आहे. एवढ्या जवळ असलेल्या दोन जागांमध्ये महाविद्यालयांना धरून एक कायमची योजना असावी, ही अपेक्षा मोठी नाही.

"सोलापूरला नळाला पाणी चार-चार दिवसांनी येते, तिथे हे कसले चोचले" असेही मी ऐकले आहे. पाण्याची तक्रार खरी आहे, माझ्याही घरी पिंपे भरून ठेवलेली असतात. पण ज्या घरात पाणी साठवून प्यावे लागते त्याच घरात जुलाब, विषमज्वर आधी शिरतात, आणि त्यांच्यावरची औषधे निकामी होण्याचा फटका त्याच घराला आधी बसतो. हा श्रीमंत शहरांचा विषय नाही. संगणकच आता नवी औषधे शोधेल, असे म्हणणारेही आहेत. संगणकाची मदत होते आहे, ती घ्यावी. पण त्याला शिकवायला खरे पदार्थ आणि खरे जिवाणू लागतात, आणि ते कुणीतरी हात मातीत घालूनच मिळवावे लागतात.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कुठल्याही महाविद्यालयातला, विद्यापीठातला किंवा रुग्णालयातला सूक्ष्मजीवांचा संग्रह परवानगीशिवाय नष्ट करू नये, असा शासन निर्णय काढा. विभाग बंद होत असेल, फ्रीजर बिघडला असेल, शिक्षक निवृत्त होत असतील, तर आधी यादी व्हावी आणि निवडक जिवाणू पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात किंवा राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहात जावेत. पाठवणीचा खर्च शासनाने द्यावा. ही मागणी सगळ्यांत तातडीची आहे आणि हिला जवळजवळ पैसा लागत नाही.

जिल्ह्यासाठी एक सामाईक संग्रह विद्यापीठाच्या आवारात असावा. उणे ८० अंशांचे दोन फ्रीजर, म्हणजे एक बिघडला तर दुसरा. जनरेटर. वीज आणि दुरुस्तीची दरवर्षीची ठरलेली तरतूद. आणि संग्रह सांभाळणारी एक कायम नेमणुकीची व्यक्ती, तासिका तत्त्वावरची नाही.

पदवीच्या अभ्यासक्रमात मातीतून प्रतिजैविक शोधण्याचा प्रकल्प सर्व महाविद्यालयांत एकाच पद्धतीने व्हावा, एका सत्राऐवजी दोन वर्षे चालणारा, आणि पुढची तुकडी मागच्या तुकडीचे जिवाणू हाती घेणारी. अमेरिकेत जो हँडल्समन नावाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी येल विद्यापीठात २०१२ साली सुरू केलेल्या उपक्रमातून हेच उभे राहिले. आज टायनी अर्थ या नावाने अनेक देशांतले विद्यार्थी आपापल्या गावची माती तपासतात. आपल्या मुलांकडे माती आहे, कुतूहल आहे, हातही चांगले आहेत. त्यांनी काढलेल्या अर्कात जुनाच पदार्थ आहे की नवा, हे पाहायचे यंत्र जिल्ह्यात नसले तरी चालेल. पुण्यातल्या संस्थांत वर्षातले काही दिवस जिल्ह्यांच्या महाविद्यालयांसाठी विनाशुल्क राखून ठेवा. यंत्राच्या एका तासाची फी हा गरीब मुलाच्या प्रकल्पाचा शेवट ठरू नये.

जिल्ह्यातल्या सरकारी आणि मोठ्या खासगी रुग्णालयांतल्या कल्चर रिपोर्टांचा, रुग्णांची नावे वगळून, वार्षिक तक्ता जाहीर करा, मराठीतही.

आणि ज्याची माती त्याचा हक्क. २००२च्या जैवविविधता कायद्यात वनस्पती आणि प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवही येतात. गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या कागदावर आहेत, लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत. त्यांत झाडे आहेत, पक्षी आहेत, मातीतल्या जिवाणूंचे पान कुठे दिसत नाही. ते पान उघडा. नमुना घेताना ग्रामपंचायतीला सांगितले जावे, शेतकऱ्याची संमती घेतली जावी, आणि उद्या सांगोल्याच्या बागेतल्या जिवाणूतून औषध निघाले तर त्यातला वाटा सांगोल्याला मिळावा, हे आजच लिहून ठेवा.

निर्लेखनाची कामे दर वर्षी आर्थिक वर्ष संपता संपता होतात. डिसेंबर-जानेवारीत याद्या बनतात, मार्चमध्ये सामान बाहेर निघते. म्हणून पहिल्या मागणीचा आदेश येत्या डिसेंबरच्या आत निघावा, एवढी विनंती आहे. तोपर्यंत जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयांकडे जुन्या नळ्या, जुने फ्रीजर, जुन्या वह्या आहेत त्यांनी त्या हलवू नयेत. याद्या करायला, लेबले वाचायला, कुठला जिवाणू अजून जिवंत आहे ते तपासायला माझ्यासारखे निवृत्त शिक्षक विनामोबदला येतील. काहींशी माझे बोलणे झाले आहे. तुमच्याकडून एक पत्र हवे, म्हणजे प्रयोगशाळेचे कुलूप आमच्यासाठी उघडले जाईल.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
सोलापूर